हे पडलं तर कुणाच्या डोक्यावर?

महाराष्ट्रात कुठेही सांगा, "मी येरवड्याचा," की समोरचा माणूस अर्धं पाऊल मागे सरतो आणि हा तुरुंगाच्या बाजूचा की मनोरुग्णालयाच्या, याचा अंदाज घेऊ लागतो. आम्हाला त्याचं आता काही वाटत नाही. तुरुंग 1871 पासून उभा आहे आणि देशातली कितीतरी थोर माणसं तिथे राहून गेली आहेत. मनोरुग्णालयात लोक बरं व्हायला जातात, म्हणजे जाणारा शहाणाच म्हणायचा. पण येरवड्याची तिसरी ओळख बाहेरच्यांना नसते, कारण ती जमिनीवर नाही. ती डोक्यावर आहे.

लोहगावचा हवाई तळ इथून चार-पाच किलोमीटरवर. सुखोई उठलं की जेल रोडवरच्या चहाच्या टपरीवरचं बोलणं आहे त्या जागी थांबतं. हात वर, कप हातात, तोंड अर्धवट उघडं. आवाज ओसरला की बोलणारा पुढचा शब्द उचलतो. परवा एक गृहस्थ स्थळाची माहिती सांगत होते : "मुलगी गुणाची आहे, घर चांगलं आहे, फक्त तिचा थोरला भाऊ..." आणि विमान आलं. वीसेक सेकंद अख्खी टपरी त्या भावावर ताटकळली. कुणी तुरुंगाकडे पाहिलं, कुणी इस्पितळाच्या दिशेने. आवाज विरल्यावर कळलं, तो नागपूरला बदलून गेला आहे.

अशा ठिकाणी आयुष्य काढलेल्या माणसाला उडणाऱ्या वस्तूंबद्दल आदर असतो, पण तो भोळा नसतो. नवं विमान, नवा ड्रोन, नवं काहीही दिसलं की बाकीचा देश विचारतो, हे किती उंच जातं? येरवडेकर विचारतो, हे पडलं तर कुणाच्या डोक्यावर?

या प्रश्नाचे आमच्याकडचे अधिकारी पुरुष म्हणजे आमच्या सोसायटीतले सुभेदारकाका. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त. उमेदीची सगळी वर्षं पूल बांधण्यात आणि सुरुंग काढण्यात गेली. सुरुंग काढणारा माणूस घाई करत नाही आणि दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. काकांच्या दोन्ही सवयी निवृत्तीनंतरही शाबूत आहेत. टीव्हीवर नवं लष्करी यंत्र दाखवू लागले की काका आधी आवाज बंद करतात. "पार्श्वसंगीतावर सगळंच उडतं," असं त्यांचं म्हणणं. मग चार प्रश्न. उचलतं किती? चालतं किती वेळ? बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? आणि पडलं तर कुणाच्या डोक्यावर?

15 जानेवारी 2025 ला लष्कर दिनाचं संचलन पहिल्यांदाच पुण्यात झालं, तेही खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर. होळकर पूल ओलांडला की काकांचं माहेरच. त्या संचलनात चार पायांची यंत्रं टकटक चालत गेली. रोबोटिक म्यूल, म्हणजे यांत्रिक खेचरं. उणे 40 अंशांपासून 55 अंशांपर्यंत चालतात, जिने चढतात, पंधरा-एक किलो ओझं नेतात. मी भारावून गेलो होतो. काकांनी आवाज बंद केला.

"पंधरा किलो? आमचं खेचर दोन मण न्यायचं. वर चावायचं."

"काका, चावणं हा गुण झाला का?"

"कुणाला चावतंय त्यावर आहे," काका म्हणाले. "आणि ह्याला चारायचं काय?"

"बॅटरी आहे."

"डोंगरात गवत उगवतं, चार्जर उगवत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खेचराच्या बाजूने मी आयुष्यात प्रथमच हरलो होतो. म्हणून मी मुद्दा उचलून हवेत नेला. जानेवारी 2023 मध्ये आपल्या लष्कराने 48 जेटपॅक सूट घ्यायचं ठरवून निविदा काढली होती. सूट अंगात घालायचा, कळ दाबायची आणि जवान थेट हवेत. ताशी 50 किलोमीटरहून जास्त वेग, निदान 8 मिनिटं उड्डाण, अशा अटी. पुढच्याच महिन्यात आग्र्याला एका ब्रिटिश कंपनीने प्रात्यक्षिकही करून दाखवलं. माणूस पाण्यावरून असा सरसर गेला की बघणाऱ्याला आपली दुचाकी विकून टाकावीशी वाटावी.

काकांनी ते दृश्य दोनदा पाहिलं. या सूटमध्ये एक इंजिन पाठीवर असतं आणि बाकीची दोन्ही हातांना. हात खाली रोखून धरायचे आणि त्यांच्याच हालचालीने दिशा बदलायची.

"आणि बंदूक कोण धरणार?"

प्रश्न साधा होता. जगभरच्या लष्करी जाणकारांनाही तो पडला आहे. दोन्ही हातांत इंजिनं अडकवलेला सैनिक शत्रूच्या डोक्यावरून गेला तर त्याला फार तर घाबरवू शकतो, आणि त्या आवाजात शत्रूला आधीच कळलेलं असतं की कुणीतरी येतंय. काकांनी मग हिशेब मांडला. पन्नासच्या वेगाने 8 मिनिटं म्हणजे साडेसहा-पावणेसात किलोमीटर. "येरवड्याहून उडालं की शनिवारवाडा गाठता येईल. परत यायला पीएमटी." शिवाय संक्रांतीच्या दिवसांत कुणी पुण्याच्या हवेत उडणारच असेल, तर त्याने शत्रूआधी नायलॉनच्या मांजाचा बंदोबस्त करावा. त्याच्यावर बंदी आहे, म्हणजे तो मिळतोच.

ड्रोन पाडण्यासाठी घारी, हा त्याच सुमाराचा दुसरा प्रयोग. नोव्हेंबर 2022 मध्ये उत्तराखंडात औलीला अमेरिकेबरोबर 'युद्ध अभ्यास' नावाची कवायत झाली. तिथे लष्कराने शिकवून तयार केलेली घार दाखवली, नाव अर्जुन. शत्रूचा ड्रोन दिसला की झडप घालून खाली आणायचा. त्याआधी नेदरलँडच्या पोलिसांनी 2016 मध्ये हेच काम गरुडांना दिलं होतं आणि वर्ष-दीड वर्षात बंद केलं. कारण दिलं ते असं की गरुड महाग पडतात आणि दरवेळी ऐकत नाहीत.

घार ऐकेल, ही अपेक्षाच ज्याने घार जवळून पाहिली नाही त्याची. आमच्याकडे रविवारी सकाळी मटणाच्या दुकानातून काळी पिशवी घेऊन निघालेला माणूस बघा. पिशवी छातीशी, मान वर, चाल तिरपी, नजर विजेच्या तारांवर. सात जन्मांत त्याने लष्करी शिक्षण घेतलेलं नसतं, पण हवाई हल्ल्यातून माल सुखरूप घरी नेण्याचा त्याचा अभ्यास पक्का असतो. घार त्याच्या डोक्यावर दोन घिरट्या घालते, तिसऱ्या घिरटीला शेजारच्या माणसाचा वडापाव नेते. तिला लक्ष्य दाखवता येतं. तिने ते स्वीकारावं असा आग्रह धरता येत नाही. आणि गंमत अशी, की तिकडे घारींना ड्रोनवर सोडायचं शिक्षण चाललेलं असताना इकडे विमानतळवाले आम्हाला कानीकपाळी ओरडून सांगतात की उघड्यावर कचरा टाकू नका, घारी जमतात आणि विमानांना धडकतात. एकाच पक्ष्याला दोन खात्यांचे परस्परविरोधी हुकूम. सरकारी नोकरीचा अनुभव असलेल्या कुणालाही त्या घारीबद्दल आपुलकी वाटेल.

लष्करी डोक्यातून निघालेल्या विचित्र कल्पनांचा खरा सुकाळ मात्र आधीच होऊन गेला, आणि त्याचा हिशेब मांडायलाही येरवडा सोडावं लागत नाही. नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसमध्ये 9 ऑगस्ट 1942 पासून 6 मे 1944 पर्यंत गांधीजी नजरकैदेत होते. त्या वास्तूत त्यांचे सचिव महादेवभाई गेले, कस्तुरबा गेल्या; तिथे विनोदाला जागा नाही. विनोद त्या एकवीस महिन्यांत बाहेर, सरकारी खर्चाने चालला होता. गांधीजींना अव्यवहारी म्हणणारं, 1931 मध्येच चर्चिलसाहेबांच्या तोंडून 'अर्धनग्न फकीर' म्हणून मोकळं झालेलं व्यवहारी जग त्याच महिन्यांत काय करत होतं, ते मी एका संध्याकाळी काकांपुढे मांडलं.

पहिलं प्रकरण वटवाघळांचं. लायटल अ‍ॅडम्स नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने 1942 च्या जानेवारीत अशी कल्पना पाठवली, की वटवाघळांना छोटे आगबॉम्ब बांधून जपानी शहरांवर सोडावं. ती लाकडी घरांच्या वळचणींना जाऊन बसतील आणि मग शहरंच्या शहरं पेटतील. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 'हा माणूस वेडा नाही' अशा अर्थाचा शेरा मारून कागद पुढे धाडला. शेऱ्याची सुरुवातच अशी करावी लागली, यावरून अर्ज कसा असेल ते समजावं. सतरा ग्रॅमचे बॉम्ब बनले. वटवाघळांना थंडीने गुंगवून हजारएकाच्या हिशेबाने एकेका पेटाऱ्यात भरायचं ठरलं. मे 1943 मध्ये न्यू मेक्सिकोत चाचणीच्या वेळी काही वटवाघळं चुकून सुटली आणि त्यांनी नेमून दिलेलं काम चोख केलं : वळचणीला जाऊन बसली आणि पेटली. वळचण मात्र अमेरिकेच्याच नव्या हवाई तळाची होती. तळ जळाला, एका जनरलची मोटार जळाली.

"म्हणजे चाचणी पास," काका म्हणाले. "डोकं तेवढं चुकलं."

दुसरं प्रकरण बर्फाच्या जहाजाचं. जेफ्री पाइक या ब्रिटिश गृहस्थाने सुचवलं की पोलादाची टंचाई आहे, तर विमानवाहू जहाज बर्फाचं करावं. बर्फात चौदा टक्के लाकडाचा भुसा मिसळला की तो दगडासारखा होतो आणि सावकाश वितळतो, हे खरंच आहे. जहाजाची लांबी सहाशे मीटर ठरली. माउंटबॅटन साहेबांनी कल्पना उचलून धरली. 1943 मध्ये क्वेबेकच्या परिषदेत त्यांनी त्या बर्फाची मजबुती दाखवायला भर खोलीत पिस्तूल झाडलं आणि उसळलेली गोळी एका अमेरिकन अ‍ॅडमिरलच्या विजारीला चाटून गेली, असं सांगतात. कॅनडातल्या एका तळ्यावर साठ फुटी नमुना बांधला. तो बांधायला कोण लावले होते? ज्यांनी धर्मबुद्धीने शस्त्र धरायला नकार दिला होता, असे युद्धविरोधी लोक. आपण काय बांधतोय हे त्यांना सांगितलंच नव्हतं.

काकांनी विचारलं, "थंड कशाने ठेवणार?"

"आतून नळ्या. शीतयंत्रं."

"ती कसली?"

"लोखंडाची."

"मग जहाजच लोखंडाचं करा की."

तज्ज्ञ मंडळींना इथवर यायला वर्षभर लागलं. शीतयंत्रं, नळ्या, थंडावा टिकवायचं आवरण यांचा हिशेब मांडल्यावर पोलादाची बचत दिसेना. शिवाय तोवर लांब पल्ल्याची विमानं आली. जहाज रद्द झालं. नमुना वितळायला तीन उन्हाळे लागले. माउंटबॅटन पुढे हिंदुस्थानचा कारभार उरकायला आले, तेव्हा भल्यामोठ्या वस्तू विसर्जित करण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

तिसरं पॅनजॅन्ड्रम. दहा फूट उंचीची दोन लाकडी चाकं, मध्ये स्फोटकांचं पिंप, चाकांच्या कडेला अग्निबाण. किनाऱ्यावर सोडायचं, गरगरत जाऊन शत्रूची काँक्रीटची भिंत फोडायची. काकांनी तिथेच थांबवलं. "म्हणजे भुईचक्र." मी मान डोलावली. "उभं केलेलं भुईचक्र कुठे जातं?" हे लक्ष्मीपूजनाच्या रात्री वाडीतल्या पाच वर्षांच्या पोराला ठाऊक असतं, ते जिथे माणसं बसली असतील तिथे जातं. जानेवारी 1944 मध्ये इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर शेवटची चाचणी झाली तेव्हा पॅनजॅन्ड्रमने परंपरा पाळली. अधिकारी आणि छायाचित्रकार वाट फुटेल तिकडे पळाले, सुटलेले अग्निबाण वाळूतून सैरावैरा धावले आणि एका कुत्र्याने त्यांचा पाठलाग केला. त्या दिवशी माघार न घेतलेला तो एकच.

बाहेर हे चाललेलं असताना पॅलेसमधले गृहस्थ सूत कातत होते. ज्या पेटीचरख्याला 'येरवडा चक्र' म्हणतात, तो त्यांनी 1930 च्या आसपास आमच्याच तुरुंगात बसून सुधारला होता. मिटला की पुस्तकासारखा, हातात धरून आगगाडीत नेता येणारा. काकांनी त्याला चारही प्रश्न लावले. उचलायला हलका. बसाल तितका वेळ चालतो. बिघडला तर गावचा सुतार पुरे. आणि पडला तर फार तर आपल्याच पायावर. "आणि ज्याच्यावर रोखला होता तो निघून गेला," काका म्हणाले. सरळ सैनिकी हिशेबाने त्यांनी त्याला पूर्ण गुण दिले.

युद्ध संपलं, पण कल्पना निवृत्त झाल्या नाहीत. त्या फक्त हवेत गेल्या. कॅनडातल्या अ‍ॅव्ह्रो कंपनीने अमेरिकी लष्करासाठी उडती तबकडी बनवायला घेतली, अ‍ॅव्ह्रोकार. आवाजाच्या कितीतरी पट वेगाच्या आणि ढगांपलीकडच्या उंचीच्या बाता होत्या. प्रत्यक्षात तबकडी जमिनीपासून तीन फुटांवर गेली की डगमगायला लागायची आणि वेग ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या पुढे जाईना. 1961 च्या अखेरीस गुंडाळली. तीन फूट हे उड्डाण म्हणून कमी नाही, असं कुणी म्हणेल. त्याने आमच्या भागातले गतिरोधक पाहिलेले नाहीत.

त्याच काळात एरोसायकल आली. खाली पंधरा फुटी पाती गरगरणार, वर एका छोट्या फळीवर सैनिक उभा राहणार आणि अंग झुकवेल तिकडे यंत्र जाणार. वीस मिनिटांत कुणालाही शिकवता येईल, अशी बनवणाऱ्यांची खात्री होती. चाचणी घेणारा कॅप्टन दोनदा आपटला आणि हे नवख्याच्या हाती द्यायचं यंत्र नव्हे, असा त्याचा निष्कर्ष पडला. मला तर वाटतं, वीस मिनिटांत शिकणं पुण्याला अवघड नव्हतं. इथे त्याहून कमी वेळात शिकून लोक लक्ष्मी रस्त्याला लागतात. अडचण ओढणीची आली असती. सिग्नलला शेजारच्या काकूंनी "अगं, ओढणी सावर!" म्हणेपर्यंत खालच्या पात्यांनी साडीचं दुकान गोळा केलं असतं.

गुडइयर या टायरच्या कंपनीने 1956 मध्ये रबरी विमान काढलं. घडी करून पेटीत ठेवायचं, शत्रूच्या मुलुखात अडकलेल्या वैमानिकाकडे टाकायचं, त्याने पाच मिनिटांत हवा भरून उडून यायचं. बारा विमानं बनलीसुद्धा. लष्कराला मग कुणीतरी विचारलं असावं की साध्या बाणाने खाली येणाऱ्या विमानाचं युद्धात काय करायचं. येरवड्यात पहिला प्रश्न वेगळा आला असता : पंक्चरचे किती घेणार, आणि ट्यूब बघायची का?

पाठीवरच्या बेल रॉकेट बेल्टची तर शान मोठी. 20 एप्रिल 1961 ला पहिलं मोकळं उड्डाण. पण इंधन 21 सेकंदांचं. गुंजन चौकातला सिग्नल याहून जास्त वेळ लाल असतो. गांधीजींनी 1943 मध्ये आगाखान पॅलेसमध्ये 21 दिवस उपास केला. तिकडे एवढं विज्ञान पोसूनही यंत्राला 21 सेकंदांत भूक लागली.

इथवर आपण परक्यांना हसलो. आता घरचं. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचं विमान उडवलं, तेही राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात. ते दीड हजार फूट गेलं, असाही आकडा दिला जातो. माणूस मात्र त्यात बसला नव्हता म्हणतात. काकांचे प्रश्न इथेही लावायला हवेत, देशाभिमानाची सवलत न देता. उचललं किती? इंजिन कोणतं? पाऱ्यावर चालायचं म्हणजे नेमकं कसं? आणि दीड हजार फुटांवरून पडलं तर चौपाटीच्या गर्दीत कुणाच्या डोक्यावर? उत्तरं मिळत नाहीत. ज्यावर बोट ठेवावं अशी भक्कम समकालीन नोंद नाही. तळपदे काहीतरी बनवत होते, धडपडत होते, याचं कौतुक करायला कुणाची ना नाही. चाळीच्या खोलीत विमानाचा विचार करायला छाती लागते. पण धडपडीचं कौतुक वेगळं आणि उड्डाणाचा दाखला वेगळा.

'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचं तसंच. शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर अशी विमानांची वर्णनं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी 1974 मध्ये त्या ग्रंथाला हेच साधे प्रश्न विचारले. ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातलं एकही विमान उडण्यालायक नाही, असं उत्तर निघालं. एवढं झाल्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. जानेवारी 2015 मध्ये मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये पुन्हा भाषण झालं की प्राचीन विमानं मागेही जात आणि ग्रहांवरही जात. मागे जाणारं विमान ऐकून काका फक्त एवढंच म्हणाले, "आरसा कुठे होता?"

एवढी सगळी यादी झाल्यावर मला वाटलं, आता काका म्हणतील, बंद करा ही थेरं, घ्या सरळ बंदूक आणि खेचर. मी तसं बोलूनही दाखवलं. काका वैतागले.

"प्रश्न विचारला म्हणजे नाही म्हटलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मग कळलं, की संचलनाच्या निमित्ताने रेसकोर्सवर लष्कराचं प्रदर्शन भरलं होतं तिथे काका जाऊन आले होते आणि यांत्रिक खेचराजवळ उभ्या असलेल्या कोवळ्या जवानाला त्यांनी चारही प्रश्न विचारले होते. पोरगा डगमगला नाही. म्हणाला, "साहेब, हे ओझ्यासाठी मुख्य नाहीच. वळणापलीकडे कोण बसलंय ते बघायला हे पुढे जातं. पहिली गोळी याला." काका गप्प झाले. सुरुंग काढायला पुढे जाणारा पहिला माणूस कोण असायचा, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. "पंधरा किलोवरून मी त्याला नापास केलं होतं," ते म्हणाले, "पण पेपरच दुसरा होता."

आणि हे त्यांच्या घराजवळच आहे. विश्रांतवाडीच्या पुढे आळंदी रस्त्यावर डीआरडीओची इंजिनिअर्सची प्रयोगशाळा आहे. 'दक्ष' हा बॉम्ब निकामी करणारा यंत्रमानव तिथला. बॉम्बजवळ तो जातो, त्याला चालवणारा पाचशे मीटर लांब बसू शकतो. पहिल्यांदा कागदावर आला तेव्हा तोही कुणाला तरी पोरखेळ वाटला असेल. म्हैसूरच्या लोखंडी नळीतल्या अग्निबाणांनी 1780 मध्ये पोल्लीलूरला इंग्रजांची दाणादाण उडवली. हे फटाके काय करणार म्हणणारे इंग्रज अधिकारी तेव्हा नव्हते असं थोडंच? नंतर त्याच इंग्रजांनी ते उचलून नेले आणि काँग्रीव्हच्या नावाने खपवले. आज पाषाणच्या प्रयोगशाळेतून अग्निबाण डागणारं पिनाक निघतं, ते त्याच वाटेवरचं.

उलटा दाखला कबुतरांचा. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने, पुन्हा त्याच 1943 च्या सुमाराला, कबुतरांना पडद्यावरच्या लक्ष्यावर चोच मारायला शिकवलं. बॉम्बच्या नाकात तीन कबुतरं, तिघांच्या बहुमताने बॉम्ब वळणार. अधिकाऱ्यांपुढे कबुतरांनी काम नीट करून दाखवलं. अधिकारी हसले आणि ऑक्टोबर 1944 मध्ये प्रकल्प संपला. हसणं हे प्रश्न विचारण्याचं सोंग असतं. त्यात उत्तर ऐकायचं राहून जातं. वटवाघळांना कुणी विचारलं नाही, कबुतरांचं कुणी ऐकलं नाही. काकांच्या मते दोन्ही गुन्हे सारखेच, आणि बहुमताने निर्णय घेणारं इतकं शिस्तीचं शस्त्र त्यांनी दुसरं पाहिलेलं नाही.

प्रश्न आधी, तोही लेखी, याचा नमुना मी पाहिला तो लष्करी निविदेत नाही. 1929 मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. अटी पाहा : खेड्यातल्या झोपडीत एका बाईला आठ तास चालवता यावा, तेवढ्यात सोळा हजार फूट सूत निघावं, किंमत दीडशे रुपयांच्या आत, आयुष्य वीस वर्षं, दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपुढे नाही. उचलतं किती, चालतं किती, दुरुस्त कोण करणार, सगळं आलं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. अटीत बसत नाही म्हणून लाख रुपये पेटीत राहू देणारा खरेदीदार वटवाघळांना भेटला असता तर अमेरिकेचा एक हवाई तळ वाचला असता.

म्हणून माझी संरक्षण खात्याला सूचना आहे. कुठलंही नवं शस्त्र, उडतं असो वा चालतं, घेण्याआधी त्याची एक चाचणी येरवड्यात व्हावी. गुंजन चौकात, संध्याकाळी सहा वाजता, घारी, मांजा, गतिरोधक आणि पाहायला जमलेले लोक यांच्यासह. परीक्षक म्हणून तीन नागरिक : एक निवृत्त सैनिक, एक पंक्चरवाला आणि रविवारी मटण आणणारा एक गृहस्थ. तिघांनी प्रश्न विचारावेत आणि उत्तर मिळेपर्यंत हसू नये, एवढीच शर्त. मी मसुदा करून काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचला आणि पेन्सिलीने कडेला लिहिलं : समितीवर खर्च किती? समिती चालणार किती वर्षं? बिघडली तर दुरुस्त कोण करणार? चौथा प्रश्न त्यांनी लिहिला नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि अध्यक्ष म्हणून माझं नाव घातलं.